शुक्रवारच्या ढिगातून आठवड्याची यादी: पॉप आणि पंकची नवी गाणी निवडायची कशी

दर गुरुवारी रात्री बारा वाजले की ॲपवर नवीन गाण्यांचा जो काही पूर येतो तो बघून बऱ्याच जणांचं होतं काय, की वरची पाचदहा गाणी ऐकतात, ती सगळी आधीच माहीत असलेल्या मोठ्या नावांची असतात, आणि मग कंटाळून परत आपल्या कॉलेजच्या प्लेलिस्टवर जातात. मला कायम विचारतात की तू दर आठवड्याच्या यादीत पॉप पण देतेस, पंक (वेगवान, खरखरीत, ओरडून गायलेलं रॉक) पण देतेस, एवढं ऐकायला वेळ कुठून आणतेस. वेळ नाहीये हो. नोकरी आहे, लोकल आहे, घरचं आहे. एक पद्धत बसलीये फक्त, ती आज सगळी लिहून टाकते, ज्याला जेवढी झेपेल तेवढी उचला.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते, बाकी नाही वाचलं तरी चालेल. पॉप आणि पंक एका चाळणीने चाळायचे नाहीत. पॉपमध्ये गाणं कोणी बनवलंय ते बघा, म्हणजे क्रेडिट्स. पंकमध्ये ते कोणी काढलंय ते बघा, म्हणजे लेबल. गायक आणि बँडच्या नावामागे धावलात तर तुम्ही कायम सहा महिने मागे राहणार.

## शुक्रवार, पण किती वाजताचा?

१० जुलै २०१५ च्या आधी प्रत्येक देशाचा वार वेगळा होता. ब्रिटनमध्ये सोमवार, अमेरिकेत मंगळवार, ऑस्ट्रेलियात शुक्रवार, त्यामुळे एका देशात आलेला अल्बम दुसरीकडे दुकानात यायच्या आधीच पायरेट होऊन पोचलेला असायचा. मग आयएफपीआय या रेकॉर्ड कंपन्यांच्या जागतिक संघटनेने सगळीकडे शुक्रवार ठरवून टाकला.

साधारणपणे गाणी त्या त्या देशाच्या मध्यरात्री येतात, म्हणजे आपल्याकडे गुरुवारी रात्री बारा. अपवाद मोठ्या अमेरिकन पॉप अल्बमचा, तो बरेचदा जगभर एकाच क्षणी सोडतात, न्यूयॉर्कच्या मध्यरात्री, आणि तेव्हा आपल्याकडे शुक्रवारचे सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात (हिवाळ्यात त्यांचं घड्याळ मागे गेलं की साडेदहा). म्हणजे रात्री जागून काही नाही मिळालं तर ॲपला शिव्या देऊ नका, झोपा आणि ऑफिसला जाताना बघा.

पंकचं मात्र निराळंच. मोठ्या लेबलवाले बँड शुक्रवार पाळतात, पण एखाद्या बँडने रिहर्सल रूममध्ये चार गाण्यांचा डेमो, म्हणजे कच्चं रेकॉर्डिंग, केला की तो मंगळवारी दुपारी पण बँडकॅम्पवर (बँड आणि लेबलं जिथे आपली गाणी थेट विकतात ती साइट) टाकतो, त्याला कोण विचारणार. म्हणून पंकपुरता आठवडा मी मागच्या शनिवारपासून या शुक्रवारपर्यंत धरते, नाहीतर सगळ्यात भारी गोष्टी नेमक्या निसटतात.

## आठवडाभर गोळा करणं (खरं काम हेच)

फोनमध्ये एक नोट उघडा किंवा गूगल शीट करा, माझी शीट आहे. त्यात रकाने एवढेच: तारीख, कलाकार, काय आहे (सिंगल, ईपी म्हणजे छोटा अल्बम, अल्बम की डेमो), लेबल, निर्माता (पैसे लावणारा नाही, गाण्याचा आवाज घडवणारा प्रोड्यूसर), कुठून कळलं, आणि शेवटी निकाल. 'कुठून कळलं' हा रकाना लोक सोडून देतात पण तोच सगळ्यात कामाचा आहे, कारण तीनचार महिन्यांनी मागे वळून बघितलं की कळतं कुठल्या जागेवरून आलेली गाणी तुम्हाला खरंच आवडतात आणि कोण नुसता गोंगाट करतंय. मग त्या गोंगाटवाल्याला अनफॉलो.

स्पॉटिफायवर 'रिलीज रडार' दर शुक्रवारी बदलतं आणि ते तुम्ही कोणाला फॉलो करता, काय ऐकता यावर बनतं. म्हणजे फॉलो करायला कंजूषी केली तर रडार पण आंधळंच राहणार. गाणं आवडलं की हार्ट करून थांबू नका, कलाकाराच्या पानावर जाऊन फॉलो दाबा. 'न्यू म्युझिक फ्रायडे' ही दुसरी यादी, ती संपादक बनवतात आणि देशानुसार वेगळी असते, म्हणून ब्रिटनची आणि अमेरिकेची शोधून सेव्ह करून ठेवा. या यादीत पंक चवीपुरतं असतं, त्यामुळे ती पॉपसाठीच वापरायची.

आता क्रेडिट्सचं सांगते, कारण इथे मला सगळ्यात जास्त फायदा झालाय.

गाण्याच्या बाजूच्या तीन टिंबांवर टॅप केलं की क्रेडिट्स दिसतात, कोणी लिहिलं, कोणी प्रोड्यूस केलं. आता हे बघा. ऑलिव्हिया रॉड्रिगोचा दुसरा अल्बम 'गट्स' ८ सप्टेंबर २०२३ ला आला आणि अर्थातच सगळीकडे तोच होता. त्याचा निर्माता डॅन नायग्रो. त्याच महिन्यात, बरोब्बर दोन आठवड्यांनी, २२ सप्टेंबरला चॅपेल रोनचा पहिला अल्बम आला, त्याचाही निर्माता डॅन नायग्रोच, आणि तोही त्याच्या स्वतःच्या छोट्या लेबलवर. तेव्हा तिकडे फारसं कोणी बघितलं नाही, ती जगभर गाजली २०२४ मध्ये. म्हणजे ज्याने 'गट्स'ची क्रेडिट्स वाचून नायग्रोचं नाव शोधून ठेवलं असेल त्याला ती गाणी सगळ्यांच्या कितीतरी महिने आधी सापडली. यात काही जादू नाही, एक टॅप आहे.

अजून एक. २३ ऑगस्ट २०२४ च्या एकाच शुक्रवारी सब्रिना कार्पेंटरचा 'शॉर्ट एन स्वीट' आणि डब्लिनच्या फॉन्टेन्स डी.सी. या बँडचा 'रोमान्स' आले. पहिल्यात प्रत्येक गाण्याच्या लेखनात एमी ॲलनचं नाव आहे. दुसऱ्याचा निर्माता जेम्स फोर्ड. ही दोन नावं टिपून ठेवली की पुढच्या वर्षभराचं काम झालं, कारण ॲलन बाई दर थोड्या दिवसांनी कुठल्यातरी पॉप गाण्यात असतातच, आणि फोर्डचं नाव पुढे पल्प या जुन्या ब्रिटिश बँडच्या अल्बमवर दिसतं, तो किस्सा खाली येतोय.

तर असे दहाबारा निर्माते आणि लेखक निवडा. त्यांना फॉलो करायची सोय ॲपमध्ये धड नाहीये, त्यामुळे त्यांची नावं शीटमध्ये ठेवा आणि दर गुरुवारी सर्च करा. बहुतेक निर्माते इन्स्टाग्रामवर आपलं नवीन काम स्वतःच टाकतात, ते पण बघायचं.

पंकमध्ये ही युक्ती अर्धवट चालते. विल यिपसारखी माणसं आहेत, म्हणजे पेनसिल्व्हेनियातला त्याचा स्टुडिओ आणि तिथून बाहेर पडणारे हार्डकोर (पंकचाच जास्त वेगवान, आक्रमक प्रकार) बँड, टर्नस्टाइलचा २०१८ चा अल्बम त्याचाच आणि स्काउलचा २०२५ चा पण. किंवा निक लोने, ज्याचं नाव पब्लिक इमेज लिमिटेडच्या १९८१ च्या अल्बमवर आहे आणि ॲमिल अँड द स्निफर्सच्या ऑक्टोबर २०२४ च्या अल्बमवर पण आहे. पण बहुतेक पंक रेकॉर्ड बँडने मित्राच्या मदतीनेच केलेले असतात, तिथे निर्मात्याच्या नावावरून काही कळत नाही.

तिथे लेबल धरायचं. छोटं पंक लेबल म्हणजे दोनतीन माणसं, स्वतःच्या खिशातून रेकॉर्ड छापणारी, त्यामुळे ती जे काढतात ते त्यांना मनापासून आवडलेलं असतं, एवढी हमी कुठलाही अल्गोरिदम देत नाही. वॉशिंग्टनचं डिस्कॉर्ड १९८० पासून आहे आणि आपल्या शहराच्या आसपासच्याच बँडना धरून राहिलंय. एपिटाफ पण १९८० चंच, लॉस एंजेलिसचं, आता बरंच मोठं झालंय. आजचं गरम बघायचं असेल तर लंडनचं ला विदा एस उन मुस आणि स्टॅटिक शॉक, बाल्टिमोरचं फ्लॅटस्पॉट, मेम्फिसचं गोनर (हे दुकान पण आहे). सुरुवातीला पाच लेबलं पुरे, त्यातून बाकीची आपोआप सापडत जातात कारण एक लेबल दुसऱ्याचे रेकॉर्ड विकतं.

बँडकॅम्पवर लेबल फॉलो केलं की नवीन काही आलं की ईमेल येतो. ईमेलसाठी वेगळं फोल्डर करा, नाहीतर इनबॉक्सची वाट लागते आणि बँकेचं स्टेटमेंट आणि हार्डकोर डेमो एकत्र येतात. बँडकॅम्पवर शहराच्या नावानेही शोधता येतं, तर अधूनमधून पंकच्या टॅगबरोबर मुंबई, पुणे, बंगलोर टाकून बघत जा. आपल्याकडे पंक कमीच, पण मुंबईच्या द रायट पेडलर्ससारखे बँड होऊन गेलेत आणि कोण कुठल्या गॅरेजमध्ये काय करतंय हे तिथेच आधी दिसतं.

आणि 'मॅक्झिमम रॉकनरोल' विसरू नका. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला रेडिओ शो म्हणून सुरू झालं, १९८२ पासून मासिक, २०१९ ला छपाई बंद, पण रिव्ह्यू आणि रेडिओ ऑनलाइन चालू आहेत. जगभरातून आलेल्या डेमोंचे चार ओळींचे रिव्ह्यू, त्यात इंडोनेशिया पण असतं, कोलंबिया पण असतं. मी तर म्हणेन की आठवड्याची पंक यादी करायची असेल तर वाचायची सुरुवात तिथून करा, मोठ्या म्युझिक मॅगझिनांना हे सगळं वर्षभराने कळतं.

## शुक्रवारची पहिली चाळणी

शीटमध्ये साधारण तीसचाळीस नोंदी झाल्या असतील. आता भराभर. पॉप गाणं दुसऱ्या कोरसपर्यंत ऐकायचं, त्यात जे दाखवायचंय ते दाखवून झालेलं असतं. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकल्यावरच स्ट्रीम मोजला जातो, त्यामुळे आजकालची पॉप गाणी हुक, म्हणजे डोक्यात अडकणारी जागा, अगदी पुढे आणून ठेवतात, पहिल्या तीस सेकंदांवर जाऊन निकाल दिला तर फसगत होते, कारण ती तीस सेकंदं तुम्हाला फसवायलाच बनवलेली असतात. दुसऱ्या कोरसला पण मजा टिकली तर पुढे.

पंक गाणं पूर्ण ऐका. दोन मिनिटं तर असतं. रमोन्सचा १९७६ चा पहिला अल्बम चौदा गाण्यांचा आहे आणि अर्ध्या तासाच्या आत संपतो, मायनर थ्रेटची १९८१ ची पहिली ईपी आठ गाण्यांची आणि दहा मिनिटांच्या आत. अंधेरी ते दादर एक ईपी ऐकून वर दोनदा रिपीट होते. त्यामुळे पंकमध्ये 'वेळ नाही' हे कारण चालत नाही, माफ करा.

निकाल तीनच: हो, बघू, नाही. मार्क देऊ नका, साडेसात की आठ यात अर्धा तास जातो.

या टप्प्यावर फसवणारे काही प्रकार आहेत ते ओळखायला शिका:

- नवीन 'रिलीज' म्हणून जे दिसतं त्यात चार गाणी असतात आणि त्यातलं एकच नवीन असतं. आजकाल प्रत्येक नव्या सिंगलबरोबर जुने सिंगल परत जोडून टाकतात म्हणजे आकडे वाढत राहतात. गाण्याची मूळ तारीख बघा.
- डिलक्स आवृत्ती, रिमास्टर, ॲकॉस्टिक, स्पीड वाढवलेलं व्हर्जन. माझ्या यादीत हे येत नाही. अपवाद एकच, डिलक्समध्ये खरोखर नवीन आणि मूळ अल्बमपेक्षा सरस गाणं असेल तर.
- एकाच नावाचे दोन बँड. पंकमध्ये तर हे रोजचं, सगळ्यांना तीच चार शिवीवजा नावं सुचतात. स्पॉटिफायवर एका बँडचं गाणं दुसऱ्याच्या पानावर चिकटलेलं असतं. शंका आली की बँडकॅम्प किंवा बँडचं इन्स्टाग्राम उघडून खात्री करा, मगच लिहा.

## एक खराखुरा शुक्रवार घेऊन बघू: ६ जून २०२५

हा शुक्रवार मला उदाहरणासाठी फार आवडतो कारण त्यात सगळं होतं. टर्नस्टाइलचा 'नेव्हर इनफ', ॲडिसन रेचा पहिला अल्बम 'ॲडिसन', पल्पचा 'मोर', आणि वर रॅपर लिल वेन पण. आता एवढ्या गर्दीत यादी कशी करायची?

लिल वेन बाजूला ठेवला, तो माझा विषय नाही. आपली यादी ज्या दोन गोष्टींची आहे त्याच्या बाहेर जायचं नाही, कितीही मोठं नाव असलं तरी, नाहीतर ती 'या आठवड्यात काय काय आलं'ची यादी होते आणि ती तर ॲपच देतं.

ॲडिसन रेबद्दल अनेकांनी नाक मुरडलं, टिकटॉकवर नाचून प्रसिद्ध झालेली मुलगी काय अल्बम करणार म्हणून. पण क्रेडिट्स उघडली की दिसतं की अख्खा अल्बम लुका क्लोसर आणि एल्व्हिरा अँडरफियार्ड या दोघीजणींनी तिच्याबरोबर बसून केलाय. जिथे आजकाल एकेका पॉप गाण्यावर आठ जणांची नावं असतात तिथे पूर्ण अल्बमला तिघीच, आणि ते ऐकूही येतं, सगळा अल्बम एकाच खोलीत झाल्यासारखा वाटतो. आता अडचण अशी की बारापैकी पाच गाणी आधीच सिंगल म्हणून येऊन गेली होती, पहिलं तर ऑगस्ट २०२४ मध्येच. माझा नियम, आधी आलेलं गाणं आठवड्याच्या यादीत घ्यायचं नाही. मग उरलेल्या सातात दोन छोटे जोडतुकडे काढले की पाचच उरतात, त्यातून एक निवडायचं. बघा, बारा गाण्यांचा अल्बम पण काम पाच गाण्यांचं. निवड अशीच सोपी होते.

टर्नस्टाइल हा बाल्टिमोरचा हार्डकोर बँड, २०२१ च्या अल्बमनंतर हार्डकोर न ऐकणाऱ्यांपर्यंत पोचलेला. इथे खरा वादाचा प्रश्न येतो की याला पंकच्या खात्यात टाकायचं का पॉपच्या, कारण त्यात सिंथ आहे, बासरी आहे, लांबलचक शांत जागा आहेत. मी पंकमध्ये टाकते. बँड कुठून आला, कोणत्या हॉलमध्ये वाढला, अजून कसे कार्यक्रम करतो हे मी बघते, आवाज गोड झाला म्हणून खातं बदलत नाही. (यावर माझ्याशी भांडणारे खूप आहेत, भांडा.) आणि सीमा तशीही पातळच आहे, ऑलिव्हिया रॉड्रिगोच्या २०२१ च्या एका हिट गाण्याच्या लेखकांमध्ये नंतर पॅरामोर या पॉप-पंक बँडच्या हेली विल्यम्स आणि जॉश फॅरो यांची नावं जोडली गेली, म्हणजे पॉपच्या क्रेडिट्समध्येच पॉप-पंक बसलंय.

पल्प, तर २००१ नंतरचा त्यांचा पहिला अल्बम, चोवीस वर्षांनी. आणि निर्माता कोण, तर जेम्स फोर्ड, वर्षभरापूर्वीच्या 'रोमान्स'वाला. शीटमध्ये त्याचं नाव असेल तर हा अल्बम तुम्हाला 'जुन्या लोकांचा परत येण्याचा कार्यक्रम' म्हणून नाही, तर फोर्डचं पुढचं काम म्हणून ऐकावासा वाटतो, आणि कान वेगळे होतात.

अशा भरगच्च आठवड्यात मोठ्या तिघांचं एकेक गाणं आणि बाकी सगळ्या जागा छोट्यांना. मोठ्यांची तीनतीन गाणी घातली तर त्याच आठवड्यात आलेला कुठलातरी डेमो उपाशी मरतो, आणि टर्नस्टाइल ऐकायला लोकांना माझी गरज नाही.

## रविवारचं दुसरं ऐकणं

'हो' आणि 'बघू'वाली गाणी रविवारी परत. मध्ये एक दिवस जाऊ द्यायचाच, शुक्रवारी जे भारी वाटतं त्यातलं बरंचसं रविवारपर्यंत बसून जातं, आणि 'बघू'तलं एखादं शनिवारी भांडी घासताना तोंडात येतं.

सेटिंग सांभाळा. इक्वलायझर बंद, क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता दुसऱ्यात मिसळणं) बंद. स्पॉटिफायमध्ये आवाजाची पातळी सारखी करण्याची सोय असते, ती चालूच ठेवा, ती साधारण उणे १४ एलयूएफएसला (आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) सगळी गाणी आणून ठेवते. कारण कानाला जे मोठ्याने वाजतं तेच चांगलं वाटतं, आणि दणकून मास्टर केलेल्या, म्हणजे शेवटी आवाज चढवलेल्या, पॉपसमोर चार ट्रॅकवर रेकॉर्ड केलेला डेमो उगाच मरतो. बँडकॅम्पवर मात्र ही सोय नाही, तिथे हाताने आवाज वाढवा.

पॉप हेडफोनवर ऐका आणि दुसऱ्या कडव्यात काय नवीन आलं ते शोधा. चांगला निर्माता पहिलं कडवं तसंच्या तसं परत कधी देत नाही, मागे एखादा आवाज येतो, ड्रम बदलतो, काहीतरी काढून घेतो. मग एकदा फोनच्या स्पीकरवर, कारण लोक तिथेच ऐकणार आहेत. पंक उलटं, हेडफोनवर त्याची मजा निम्मी होते. स्पीकर लावा, शेजाऱ्यांचं बघून. आणि शब्द वाचा. गाताना काही कळत नाही हे मान्य, पण बँडकॅम्पच्या पानावर बरेचदा शब्द दिलेले असतात, आणि घरभाड्याबद्दल आहे का, पोलिसांबद्दल आहे का, नुसतं ब्रेकअप आहे का हे कळल्यावर गाणं एकतर वर चढतं नाहीतर धाडकन खाली येतं. इंग्रजी नसेल तर ट्रान्सलेटरला टाका, जपानी आणि स्पॅनिश पंक सोडणं हा मूर्खपणा आहे.

## यादी लावणं

आठ ते दहा गाणी. याच्यावर गेलात तर कोणी ऐकत नाही, अगदी जवळचे मित्र पण खोटं सांगतात की ऐकलं.

पॉप-पंकचं प्रमाण गाण्यांवर नाही तर मिनिटांवर ठेवा. साडेतीन मिनिटांच्या पॉप गाण्यासमोर पावणेदोन मिनिटांची दोन पंक गाणी, असं केलं की यादी एका बाजूला झुकत नाही. एक आड एक लावू नका, दर वेळी मूड तुटतो. मी सुरुवातीला दोन पॉप, मग तीन पंक सलग, मग मधलं काहीतरी, ज्याला दोन्हीकडचे आपलं म्हणतील असं, आणि मग परत. पहिलं गाणं असं ठेवा की पंक न ऐकणारा माणूस पळून जाणार नाही. चौथ्या नंबरला काहीही ठेवा, तिथपर्यंत आलेला माणूस आता तुमचाच आहे.

एक तांत्रिक गोष्ट. दर आठवड्याला नवीन प्लेलिस्ट काढली तर फॉलोअर विखुरतात, एकाच प्लेलिस्टमधली गाणी बदलत राहिलात तर जुनी यादी पुसली जाते. म्हणून दोन ठेवायच्या: एक 'या आठवड्याची', जी बदलते, आणि एक साठवणीची, जिच्यात काढलेली गाणी खाली जमा होत जातात. जी गाणी फक्त बँडकॅम्पवर आहेत ती प्लेलिस्टमध्ये येत नाहीत, त्यांच्या लिंक यादीच्या मजकुरात सगळ्यात वर टाका. खाली टाकल्या तर कोणीही उघडत नाही.

## दोन ओळी कशा लिहायच्या

प्रत्येक गाण्याबरोबर दोनतीन ओळी हव्यात, नाहीतर ती नुसती लिंकांची माळ. त्या ओळीत 'अफलातून', 'एनर्जेटिक', 'रॉ' असले शब्द आले की समजा तुम्ही गाणं ऐकलेलं नाही. कोण, कुठले, आणि कानाने पकडायची एक जागा, एवढंच. उदाहरण देते, लॅम्ब्रिनी गर्ल्सचा पहिला अल्बम १० जानेवारी २०२५ ला आला तेव्हाचं साधारण असं लिहिता येईल:

*ब्रायटनचा बँड, बर्लिनच्या सिटी स्लँग लेबलवर पहिला अल्बम, जेमतेम अर्ध्या तासाचा. गिटार आणि बेस एकमेकांवर ओरडतात आणि त्यावर बाई गातात कमी, हिशोब जास्त चुकता करतात. ऑफिसमधल्या फालतू पुरुषांना वैतागला असाल तर सोमवारी सकाळी लावा.*

बास. कोणासारखं वाजतं ते सांगायचा मोह होतो, पण एकदाच आणि तेही वाचणाऱ्याला माहीत असलेल्या नावाशी जोडा. मार्च २०२५ मध्ये ग्रीन डे लोलापलूझा या संगीत महोत्सवासाठी मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजवून गेले, तेव्हापासून त्यांचं नाव घेतलं की पंक न ऐकणाऱ्याला पण काहीतरी डोळ्यासमोर येतं, हे मला फार उपयोगी पडतं.

## पैसे कुठे द्यायचे

स्ट्रीमवर छोट्या बँडला काही सुटत नाही. स्पॉटिफायवर तर २०२४ पासून मागच्या बारा महिन्यांत हजार स्ट्रीम नसतील तर त्या गाण्याला रॉयल्टीच नाही, आणि आपल्या यादीतली निम्मी पंक गाणी त्या रेषेच्या खालीच असतात. बँडकॅम्प डिजिटल विक्रीवर १५ टक्के घेतं आणि टीशर्ट-कॅसेटसारख्या मालावर १० टक्के. आणि 'बँडकॅम्प फ्रायडे'ला (दर शुक्रवारी नाही, वर्षातले ठरावीक शुक्रवार) आपला हिस्सा सोडतं, हे मार्च २०२० मध्ये कोविडच्या वेळी सुरू झालं. त्या दिवसाची सुरुवात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या मध्यरात्री होते, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी दुपारी साडेबारा, हिवाळ्यात दीड. सकाळी दहाला घाईघाईने खरेदी केलीत तर तो फायदा बँडला मिळत नाही, एवढं लक्षात ठेवा. मी आठवडाभर विशलिस्टमध्ये टाकत राहते आणि त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत एकदम घेते.

कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी बँकेच्या ॲपमधून चालू करावे लागतात, बहुतेकांचं पहिलं पेमेंट यामुळेच अडकतं. वर बँक परकीय चलनाचं काहीतरी लावते, त्यामुळे एकेक डॉलरच्या पाच खरेद्यांपेक्षा एकदम घेतलेलं बरं. रेकॉर्ड मागवायचा विचार करत असाल तर पोस्टेज आणि कस्टम्स धरून किंमत दुप्पट होऊ शकते, मी डिजिटलच घेते. फ्लॅक (मूळ दर्जाची) फाइल उतरवून हार्ड डिस्कवर ठेवा, छोटे बँड तुटले की कधीकधी पानासकट गायब होतात.

## सुके आठवडे

डिसेंबरच्या मधल्यापासून नवीन काही येत नाही म्हटलं तरी चालेल, सगळे वर्षाच्या याद्यांमध्ये गुंतलेले असतात. तेव्हा साठवणीची प्लेलिस्ट उघडून 'बघू'मध्ये राहून गेलेली गाणी परत ऐका, आणि 'कुठून कळलं' रकाना लावून कोणती लेबलं ठेवायची, कोणती काढायची ते ठरवा. जानेवारीचे पहिले दोनतीन शुक्रवार मात्र सोडू नका. मोठी नावं झोपलेली असतात म्हणून छोटी लेबलं आपले चांगले बँड मुद्दाम तेव्हा काढतात, वरचा लॅम्ब्रिनी गर्ल्सचा अल्बम बघा ना, दुसऱ्याच शुक्रवारचा आहे. एप्रिलमध्ये रेकॉर्ड स्टोर डे (रेकॉर्डच्या दुकानांचा दिवस) आला की परत उलटं, जुन्या अल्बमच्या रंगीत आवृत्त्यांनी सगळं भरून जातं, त्या आठवड्यात शीटमध्ये मूळ वर्षाचा एक जादा रकाना घाला आणि चालू वर्षाचं नसेल ते सरळ गाळा.